साताऱ्यातलं रिटायरमेंटचं घर : इन्सुलेशनचं नंतर बघू, आधी वरचा मजला काढून टाका

नमस्कार दादा,

प्रश्न नीट वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ५८ चे, दोन वर्षांनी रिटायर होणार. साताऱ्याच्या पूर्वेला, कोरेगावच्या बाजूला ५ गुंठे एनए प्लॉट, रस्ता पश्चिमेला. राहणार तुम्ही, वहिनी (गुडघे बोलायला लागलेत) आणि ८२ वर्षांच्या आई. मुलगा पुण्यात, मुलगी बाहेरदेशी. आर्किटेक्टने जी प्लस वन काढून दिलंय, २४०० स्क्वेअर फूट, चार बेडरूम, समोर म्हणजे पश्चिमेला डबल हाइटचा हॉल आणि त्याला वरपर्यंत काच, तुमची बेडरूम वरती. आणि तुम्ही विचारताय की इन्सुलेशन कोणतं टाकू, ५ किलोवॅट सोलर पुरेल का, आणि लिफ्ट आत्ताच बसवू का.

तिन्हीची उत्तरं देतो, पण खरं सांगायचं तर हे तिन्ही प्रश्न ड्रॉइंगमुळे तयार झालेत. पश्चिमेला काच लावली म्हणून इन्सुलेशन आणि एसी, एसी चार म्हणून ५ किलोवॅट, बेडरूम वर नेली म्हणून लिफ्ट. ड्रॉइंग बदललं तर निम्मे प्रश्न जागेवरच संपतात. मी सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात घरांचीच कामं करतो, त्यातली बरीच अशीच, नोकरी संपवून गावाकडे परत येणाऱ्यांची. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय ते आधीच सांगून टाकतो : म्हातारपणाच्या घरात पैसे अशा गोष्टीत घाला ज्या तुम्ही काहीही न करता काम करत राहतात. सावली, स्लॅबवरचा थर, भिंतीची जाडी, वाऱ्याची वाट, घराचा आटोपशीर आकार. ज्याला चढावं लागतं, पुसावं लागतं, सर्व्हिसिंगला माणूस बोलवावा लागतो, ते साठीत जमतं, पंच्याहत्तरीत बंद पडतं आणि बंदच राहतं. तुमच्या गावात गच्चीवर बघा, किती सोलर हीटर नुसते उभे आहेत.

आता आकाराचं. २४०० फूट कोणासाठी? तुम्हीच लिहिलंय की मुलं दिवाळीला आणि मे महिन्यात येतात. म्हणजे वर्षातले फार तर तीन आठवडे भरणाऱ्या खोल्यांसाठी बाकीचं वर्षभर झाडलोट, रंग, गळती आणि वाळवी सांभाळायची. बंद खोलीला वीज लागत नाही हे खरं, पण तिच्यामुळे भिंती वाढतात, स्लॅब वाढतो, बांधकामाचा खर्च वाढतो आणि तोच पैसा स्लॅबच्या इन्सुलेशनला कमी पडतो, मग शेवटी ‘ते पुढच्या वर्षी करू’ असं ठरतं. मी तुमच्या जागी असतो तर सगळं खालीच, ११०० ते १२०० फूट, दोन बेडरूम आणि एक तिसरी १० बाय ११ ची खोली जिला बाहेरून स्वतंत्र दार आणि स्वतःचं छोटं संडास-बाथरूम. ही खोली आज पोरांची, उद्या सांभाळायला ठेवलेल्या बाईंची किंवा मामांची. हे लोकांना बोलायला आवडत नाही पण दहा-पंधरा वर्षांनी घरात राहणारं माणूस लागतंच, आणि त्या माणसाला हॉलमध्ये चटई टाकून झोपवलं की ते टिकत नाही. पाया आणि कॉलम मात्र वरच्या मजल्याच्या हिशोबाने घ्या, त्याचा जादा खर्च थोडा असतो. मुलाला कधी वाटलं तर तो त्याच्या पैशाने वर बांधेल.

मुलांशी यावर आधी बोला हेही सांगतो, कारण बऱ्याच वेळा ‘मुलांसाठी’ काढलेल्या खोल्या मुलांनी मागितलेल्याच नसतात.

पुढचा मुद्दा पश्चिमेचा, यावर जरा जास्त लिहितो कारण सगळी गोम इथेच आहे. सातारा साधारण १७.७ अक्षांशावर. डिसेंबरात दुपारी बाराला सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, जमिनीपासून ४९ अंशांवर असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोच ७२ अंशांवर, आणि मे महिन्यात तर डोक्यावरून थोडा उत्तरेलाच सरकतो. आता दक्षिणेच्या भिंतीत ४ फूट उंच खिडकी आहे आणि वर २ फुटांचा छज्जा आहे असं धरा. डिसेंबरात छज्जाची सावली सव्वादोन फुटांपर्यंत पडते, म्हणजे खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येतं, थंडीत म्हाताऱ्या माणसाला हवंच असतं ते. मार्चनंतर त्याच छज्जाची सावली ६ फुटांच्या खाली जाते, खिडकी पूर्ण सावलीत. काही उघडायचं नाही, पडदा ओढायचा नाही, तो साधा छज्जा उन्हाळा-हिवाळा आपोआप सांभाळतो. पश्चिमेला हे गणित चालत नाही. मे मधे संध्याकाळी पाचला सूर्य २५ अंशांच्या आसपास खाली आलेला असतो, २ फुटांचा छज्जा जेमतेम एक फूट सावली देतो, बाकी सगळं ऊन थेट आत. तुमच्या ड्रॉइंगमध्ये तिथे १८-२० फूट उंच काच आहे. एसी लावूनही तो हॉल एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी बसण्यासारखा राहणार नाही, आणि रिटायर झालेली माणसं संध्याकाळीच हॉलमध्ये बसतात ना. शिवाय ती वरची काच पुसणार कोण आणि वरचा दिवा गेला तर बदलणार कोण हेही आर्किटेक्टला विचारा.

भिंतीचंही तसंच. आपली ९ इंची विटेची भिंत उष्णता लगेच आत सोडत नाही, सहा-सात तास घेते. म्हणजे चार-पाच वाजता तापलेली पश्चिमेची भिंत आतून गरम लागते रात्री दहा-अकराला, बरोबर झोपायच्या वेळी. वास्तूप्रमाणे मालकाची बेडरूम नैऋत्येला, तेव्हा ही खोली घरातली सगळ्यात तापणारी खोली होते. मी वास्तूवरून कोणाशी भांडत नाही, भांडून उपयोग नसतो, खोली नैऋत्येलाच ठेवतो पण तिच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून पूर्ण लांबीचं कपाट लावून घेतो आणि बाहेरून पडवी किंवा निदान वेलाचा मांडव. भिंत तापली तरी कपाट मधे येतं. नैऋत्येचा आग्रह नसेल तर बेडरूम पूर्वेला किंवा आग्नेयेकडे घ्या, आणि पश्चिमेच्या कडेला जिना, स्टोअर, संडास-बाथरूम, पार्किंग ढकला.

पण एक अडचण आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचा गार वाराही पश्चिमेकडूनच येतो. म्हणून पश्चिम पूर्ण बंद करायची नाही, समोर ७-८ फूट खोल पडवी घ्यायची. जुन्या घरांना होती तशीच, झोपाळा टांगा हवा तर. पडवीने ऊन अडतं आणि वारा आत येतो, आणि पश्चिमेचा पाऊसही दारावर आपटत नाही. रस्ता पश्चिमेला आहे म्हणजे येणारा-जाणारा दिसतो, आईंचा दिवस तिथेच जाईल. एलिव्हेशन साधं दिसेल, दिसू द्या. आणि झाडं आत्ताच लावा, बांधकाम सुरू व्हायच्या आधी. कडुनिंब, करंज, पश्चिमेच्या हद्दीला, घराच्या पायापासून आणि सेप्टिक टँकपासून १२-१५ फूट लांब. तुम्ही राहायला याल तोवर दोन-तीन वर्षांची झालेली असतील.

आता इन्सुलेशन. इन्सुलेशनचे पैसे मोजके असतील तर ते सगळे आधी स्लॅबवर घाला. एकमजली घरात दिवसभराच्या उन्हाचा सगळ्यात मोठा वाटा छतच खातं, आणि रात्री तापलेल्या तव्यासारखं ते डोक्यावर असतं, पंखा लावला तर तीच गरम हवा खाली. पद्धत अशी : स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर २ इंची एक्सपीएस शीट (थर्माकोलसारखी पण कडक), मग उताराचा कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक (टाईलच्या तुकड्यांची फरशी). शीट वॉटरप्रूफिंगच्या वर गेल्यामुळे वॉटरप्रूफिंगही उन्हाने फाटत नाही. नुसता पांढरा कूल रूफ पेंट मारूनही फरक पडतो आणि तो स्वस्त आहे, पण धूळ बसली की पांढरेपणा जातो, दर दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागतो, आणि मी वर म्हटलं तेच, पंच्याहत्तरीत कोण मारणार. त्यापेक्षा मोझॅक परवडते, झाडू मारला आणि पाऊस पडला की साफ.

केंद्र सरकारची इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीची ऊर्जा बचतीची नियमावली, २०१८ ला आली, ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी लिहिली होती. तुमचे ५ गुंठे म्हणजे ५०६, काठावर बसता. मंजुरीच्या वेळी हे कोणी विचारेल या भरवशावर राहू नका, पण आर्किटेक्टशी बोलायला त्यातले दोन आकडे उपयोगी आहेत. एक, छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते तो आकडा, १.२ च्या आत हवा. उघड्या स्लॅबचा ३ च्या वर जातो, २ इंच एक्सपीएस टाकलं की ०.५-०.६ च्या आसपास येतो. दुसरा आरईटीव्ही, म्हणजे भिंती-खिडक्यांतून सरासरी किती उष्णता आत येते तो आकडा, तो १५ च्या आत हवा. त्यांना सांगा, या ड्रॉइंगचा आरईटीव्ही काढून द्या. काचेच्या हॉलचं काय ते कागदावरच कळेल, तुम्हाला वाद घालावा लागणार नाही.

भिंतींना एएसी ब्लॉक (सच्छिद्र सिमेंटचे हलके ब्लॉक) की वीट, हे परिस्थितीवर आहे. एएसी उष्णता विटेपेक्षा खूप कमी सोडतो, वजनाला हलका, काम पटापट होतं. वीट आपल्याकडे चांगली मिळते आणि गवंड्याचा हात बसलेला आहे. साताऱ्यात उन्हाळ्यातसुद्धा रात्री बऱ्यापैकी गार होतात, त्यामुळे रात्री खिडक्या उघड्या ठेवून घर गार करायचं आणि सकाळी नऊला बंद करायचं ही जुनी पद्धत इथे मस्त चालते, आणि त्यासाठी आत जड काहीतरी हवं, फरशी, विटेची भिंत, जे गारवा धरून ठेवेल. मी बहुतेक वेळा बाहेरच्या भिंती ८ इंची एएसीच्या आणि आतल्या विटेच्या घेतो.

पण बाथरूमच्या भिंती विटेच्याच घ्या, चारी. कारण सांगतो. उद्या कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी धरायला स्टीलचे दांडे लागणार. त्या दांड्यावर माणूस घसरताना पूर्ण वजन टाकतो, हळू नाही, झटक्याने. एएसीमध्ये साधा फास्टनर मारला तर ब्लॉक आतून भुगा होतो आणि दांडा हातात येतो, म्हणजे दांडा नसता तरी बरं होतं अशी गत. एएसी आधीच झालं असेल तर ज्या उंचीवर दांडा येणार, फरशीपासून अडीच ते तीन फूट, तिथे ९ इंच उंचीचा काँक्रीटचा पट्टा भिंतीतच ओतून घ्या. दांडे आज लावायचे नसले तरी पट्टा आजच. आणि टाईल लागायच्या आधी प्लंबिंगचे पाईप दिसतायत तोवर प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी दांडा बसवायला आलेला पोरगा बरोब्बर गरम पाण्याच्या लाईनीतच ड्रिल घालतो.

बाथरूमचं चाललंय तर तेच पूर्ण करू. दार ३ फूट मोकळं मिळायला हवं. आपल्याकडे बाथरूमला अडीच फुटी दार बसवतात, चौकट आणि पल्ला जाऊन हातात २६ इंच उरतात, व्हीलचेअरच २५-२७ इंच रुंद असते. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण आत माणूस पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडकतं. कडी अशी की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल. उंबरा नको, अर्ध्या इंचाच्या आत फरक आणि तोही उतरता, पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराच्या आत लांब जाळीची नाली टाकायची, उतार ६० ला १ पुरतो. ओलं एका बाजूला, कोरडं एका बाजूला, कमोड कोरड्यात. कमोडची बैठक १८-१९ इंच. आईंना इंडियन लागत असेल तर सध्या एक इंडियन ठेवा पण त्याची लाईन अशी काढा की उद्या फक्त भांडं बदललं की काम झालं. अंघोळीच्या जागी १७-१८ इंच उंच बांधीव कट्टा, बसून अंघोळ. फरशी खरबरीत टाईल, दुकानात आर-१० किंवा आर-११ (न घसरण्याची ग्रेड) मागा, नाहीतर लेदर फिनिश कोटा. आणि बाकी घरातसुद्धा ती चकचकीत व्हिट्रीफाईड नको हो, पाणी सांडलेलं दिसत नाही त्याच्यावर.

इथेच ऊर्जेचा भाग जोडला जातो, तो म्हणजे गरम पाणी. सोलर हीटर ट्यूबवाला घ्या, बोअरचं पाणी जड असेल तर फ्लॅट प्लेटच्या बारीक नळ्या लवकर चोंदतात. तिघांना १५० लिटरचा पुरे, पाहुण्यांसाठी २००. टाकी बरोबर बाथरूमच्या डोक्यावर ठेवा, पाईपला इन्सुलेशनचं वेष्टण, नाहीतर रोज सकाळी बादलीभर गार पाणी सोडून द्यावं लागतं तेव्हा कुठे गरम येतं. धोका असा की एप्रिलमध्ये ही टाकी ६० अंशांच्या वर सहज जाते आणि त्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते, म्हातारपणी कातडी पातळ आणि हात मागे घ्यायलाही वेळ लागतो. आपल्या आधीच्या पिढीची सवय आधी कढत पाणी घ्यायचं आणि मग विसण घालायचं, सोलरच्या नळाखाली ती सवय घातक आहे. बाथरूमच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार मिसळून ठरलेल्या तापमानाचंच पाणी सोडणारा) बसवून तो ४०-४२ अंशांवर सेट करून टाका. थोडा महाग वाटतो पण बसवून घ्याच.

वारा आणि खिडक्या. सगळे क्रॉस व्हेंटिलेशन म्हणतात, पण माणसं खिडक्या का बंद ठेवतात ते बघा : डास आणि चोरी. जाळी आणि ग्रील पक्कं नसेल तर सातला खिडकी बंद होते आणि एसी सुरू. सरकत्या खिडकीची निम्मीच जागा उघडते आणि जाळी लावली की वारा अजून कमी होतो, म्हणून बाहेर उघडणारे पल्ले, आतून जाळी, आणि खिडकी हिशोबापेक्षा थोडी मोठी. सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, अडीच फुटांवर, म्हणजे पलंगावर पडूनही बाहेरचं दिसतं. खिडकीच्या वर ग्रीलवाला झरोका ठेवा, रात्री खिडकी बंद केली तरी गरम हवा वरून जात राहते.

हे सगळं मी नुसतं बिलासाठी सांगत नाहीये. वय वाढलं की घाम कमी येतो, तहान लागलेली कळत नाही, त्यात बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं. मे महिन्यात दुपारी लाईट गेली आणि चार तास आली नाही तर घर नुसत्या सावलीवर आणि वाऱ्यावर किती गार राहतं, आईंच्या दृष्टीने एवढंच महत्त्वाचं. एसी चार नकोत. एका बेडरूमला, तिथेच स्लॅब-भिंत नीट केली तर १ टनाचा ५ स्टार इन्व्हर्टर पुरतो, २६ वर ठेवून पंखा लावायचा. तिघांना कडक उन्हाळ्याच्या त्या दोन-तीन आठवड्यांत गरज पडली तर त्याच खोलीत झोपता येईल एवढी ती मोठी करा, १२ बाय १४.

आता सोलर. १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, पावसाळ्यात बरेच कमी. तीन माणसं, एक एसी, बीएलडीसी पंखे (साधा पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास), गरम पाणी सूर्यावर, तर घर महिन्याला १५० युनिटच्या आसपास राहतं, मे मधे थोडं वर. त्याला २ किलोवॅट पुरतो. पुढे गॅस बंद करून इंडक्शनवर यायचं असेल, आणि मी म्हणेन यावं, सिलिंडर हलवणं वहिनींच्या गुडघ्याला नको, किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घेणार असाल तर ३. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून ७८,००० सबसिडी मिळते, त्याच्या वर कितीही टाका ७८,००० च. त्यामुळे ५ किलोवॅटचे वरचे दोन तुम्ही पूर्ण खिशातून भरणार आणि ती जादाची वीज वर्षाअखेर महावितरणला किरकोळ दराने देणार. नको.

दोन गोष्टी व्हेंडर सहसा स्वतःहून सांगत नाहीत. पहिली, नेहमीचा ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेला) इन्व्हर्टर लाईट गेली की बंद पडतो, बाहेर टळटळीत ऊन असलं तरी, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी तसा नियमच आहे. लोकांना वाटतं सोलर आहे म्हणजे लाईट जाणार नाही. म्हणून एक छोटा बॅटरी बॅकअप वेगळा, किंवा हायब्रिड (बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर, आणि वायरिंग करतानाच एक ‘जरुरीची लाईन’ वेगळी ओढा : बेडरूमचे पंखे, रात्रीचे दिवे, वायफाय, आणि आईंच्या पलंगाजवळ एक सॉकेट. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागला तर ५ लिटरचं मशीन ३००-३५० वॅट घेतं, तेवढं त्या लाईनीवर चालायला हवं. दुसरी गोष्ट, पॅनेलवर धूळ बसते आणि ती धुवावी लागते. गच्चीवर जायला लोखंडी शिडी असेल तर तुम्ही ६५ नंतर जाणार नाही, जाऊही नये. बाहेरून कठड्यासकट नीट जिना, ६ इंच चढ, १२ इंच पाऊलठेव, आणि गच्चीवर पॅनेलच्या शेजारीच एक नळ. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण १८-२० अंश, आणि पायवाटेइतकी जागा दोन ओळींत सोडायची.

बीएलडीसी पंखा घेताना भिंतीवरच्या बटणानेही वेग बदलतो असा घ्या. नुसत्या रिमोटवाल्या पंख्याचे रिमोट महिन्यात हरवतात आणि मग पंखा एकाच वेगावर.

उजेडाचं दोन ओळींत. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे ‘एलईडी ९ वॅट पुरतो’ हे मुलाच्या डोळ्याने ठरवू नका. दिवे जास्त, पण डोळ्यावर न येणारे. वीज वाचवायच्या नादात पॅसेज अंधारा ठेवणं हा चुकीचा हिशोब, एलईडीचं बिल ते काय. पलंगापासून संडासापर्यंत घोट्याच्या उंचीवर १-२ वॅटचे सेन्सरवाले दिवे, उठलं की आपोआप लागतात. बटणं साडेतीन फुटांवर, सॉकेट दीड-दोन फूट वर, वाकायला लागू नये.

जोतं हा राहिलेला मुद्दा. तुमच्या भागात काळी माती असेल तर जोतं दोन फूट तरी घ्यावं लागेल. दोन फुटांना १२ ला १ उताराने २४ फूट लांब रॅम्प लागतो, आणि खरं तर १५-१६ ला १ घेतला तर वहिनींना वॉकर घेऊन दम न लागता चढता येईल. दारात आणून दवाखान्यासारखा रॅम्प नको, पार्किंगपासून पडवीपर्यंत बागेतली वाट म्हणूनच काढा, बाजूला कठडा, ५ गुंठ्यांत जागा भरपूर आहे. वर पडवीत ५ बाय ५ ची सपाट जागा, खुर्ची वळायला.

खर्चाचा क्रम विचाराल तर माझा असा : पडवी-छज्जे-झाडं, मग स्लॅबचं इन्सुलेशन, मग बाथरूम आणि रॅम्प, मग जाळी-ग्रीलसकट चांगल्या खिडक्या, मग सोलर हीटर मिक्सिंग व्हॉल्व्हसकट, आणि उरलेल्यात पॅनेल. पॅनेल नंतर कधीही बसवता येतात, एक मोकळा पाईप मीटरपासून गच्चीपर्यंत आत टाकून ठेवला की झालं. जोत्याचं आणि स्लॅबचं तसं नाही.

आणि लिफ्ट. वरचा मजला काढून टाकलात तर प्रश्नच नाही. नाहीच टाकला, घरातल्यांचा आग्रहच असला, तरी आत्ता मशीन बसवू नका, फक्त जागा ठेवा. खाली-वर बरोबर एकमेकांच्या डोक्यावर ५ बाय ५ ची दोन स्टोअररूम, मधल्या स्लॅबमध्ये तेवढा चौकोन चारी बाजूंनी बीम देऊन वेगळा ओतायचा, म्हणजे उद्या तो तोडला तरी बाकी स्लॅबला धक्का नाही. खाली जोत्यात छोटा खड्डा वाळूने भरून फरशी. थ्री फेजची नळी तिथपर्यंत. लिफ्ट लागेल तेव्हा आठवड्याभराची तोडफोड. पण तुमची झोपायची खोली मात्र काही झालं तरी खालीच, लिफ्ट असली तरी, कारण लिफ्टही लाईटवरच चालते आणि सर्व्हिसवाला येणार पुण्याहून.

ड्रॉइंगचा नवा कागद झाला की उत्तर दिशा आणि रस्ता दाखवून इथेच टाका. बोअर मारलं असेल तर पाण्याच्या टीडीएस-हार्डनेसचा (क्षार आणि जडपणाचा) रिपोर्टही टाका, तो बघून हीटरची टाकी आतून कशाची घ्यायची ते सांगतो.